किल्ला डाव्या हाताला

चौतीस वर्षांच्या संसारात लिफ्टमास्तरांनी बायकोला "तू चुकलीस" असं एकदाही म्हटलेलं नव्हतं. लोक याचं श्रेय त्यांच्या शांत स्वभावाला देत. नात्यात कुणाचं लग्न ठरलं की नवऱ्यामुलाला आवर्जून सांगितलं जाई, मास्तरांकडे बघून शिक. मास्तर यावर खाली मान घालून हसत. स्तुती ऐकताना मान खाली घातली की ती थोडी लांबते, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं.

आता लिफ्टमास्तर हे काही मास्तर नव्हेत. त्यांनी बत्तीस वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. लोकांच्या इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत बसून मोटरींना तेल पाजलं, दोर तपासले, मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. खऱ्या मास्तरीण होत्या त्यांच्या पत्नी. बाईंचे यजमान म्हणून इमारतीतल्या लोकांनी यांनाही मास्तर करून टाकलं आणि ओळख पटावी म्हणून पुढे लिफ्ट जोडली. घरात मात्र मास्तर एकच होतं आणि ते कोण, हे आल्यागेल्याला दारातच समजायचं.

बाई इतिहास आणि भूगोल शिकवत. एकतीस वर्षं आठवीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि शाळेत त्यांचं नाव होतं नकाशाबाई. त्याचं कारण आठवीच्या पुस्तकातला तिसरा धडा. परदेशातलं एक जुनं शहर, त्याला पडलेला नऊ महिन्यांचा वेढा, शेवटी शत्रूचा पराभव, असा तो धडा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी पुस्तकातला त्या शहराचा लहानसा नकाशा मोठा करून एका तक्त्यावर स्वतःच्या हाताने काढला होता. निळी नदी, नदीवरचा पूल, पूल उतरल्यावर उजव्या हाताला लाल रंगात किल्ला, डाव्या हाताला बाजारचौक आणि घड्याळाचा मनोरा. मागून कापड लावून तो असा पक्का केला होता की तीन मुख्याध्यापक निवृत्त झाले, पण तक्ता खिळ्यावरून हलला नाही. पुढे पुस्तक बदललं, त्यातला नकाशा गेला आणि त्या जागी मिशा असलेल्या एका राजाचं चित्र आलं. त्यामुळे त्या शहराबद्दल शाळेत शेवटचा शब्द राहिला तो बाईंच्या तक्त्याचा.

पुस्तकात नुसतं एवढंच होतं की पहाटेच्या हल्ल्यात शत्रूचा पराभव झाला. का झाला, ते नव्हतं. बाईंना असं अर्धवट चालत नसे. त्यांनी तक्त्याकडे बघून कारण शोधून काढलं. शत्रू चौकात म्हणजे पश्चिमेला, किल्ला पूर्वेला. पहाटे किल्ल्यामागून सूर्य उगवला, तो शत्रूच्या डोळ्यांवर आला, शत्रूला दिसेना आणि तो हरला. हे उत्तर एकतीस वर्षं मुलांनी घोकलं, लिहिलं आणि त्याचे दोन गुण घेतले. त्यातली काही मुलं आता आजोबा व्हायच्या वयाला आली असतील आणि नातवंडांनाही तेच सांगणार असतील. त्याला कुणाचा इलाज नाही.

बाई निवृत्त झाल्यावर मुलीने आणि जावयाने दोघांना त्याच शहरात तीन दिवस पाठवायचं ठरवलं. जावई बिचारा सरळ माणूस. त्याने विचारलं, "आई, तिथे गाइड ठरवून देऊ का?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

"गाइड कशाला हवा?" बाई म्हणाल्या. "मी डोळे मिटून फिरवीन यांना. त्या शहरातली गल्ली न् गल्ली मला पाठ आहे."

"पाठ आहे तिला," मास्तर म्हणाले. घरात एखादी गोष्ट ठरली की शेवटी शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे असे.

हॉटेल नदीच्या अलीकडे होतं. पोचल्या पोचल्या काउंटरवरच्या मुलीने हसून शहराचा छापील नकाशा पुढे केला. बाईंनी तोही हसूनच परत सरकवला. मुलीला वाटलं यांना समजलं नाही, तिने पुन्हा पुढे केला. शेवटी मास्तरांनी तो घेऊन खिशात घातला. भांडण मिटवण्याची त्यांची पद्धत हीच होती, ज्यावरून भांडण असेल ती वस्तू खिशात घालायची.

दुपारी दोघं पुलावर आले. पूल सुंदर होता. दोन्ही कठड्यांवर दगडी पुतळे, खाली संथ पाणी. बाईंनी पुतळ्यांकडे ओळखीच्या माणसांकडे बघावं तसं बघितलं आणि चालताना त्या वर्गात शिरल्यासारख्या बोलू लागल्या. "आता हा पूल उतरला की उजव्या हाताला किल्ला."

मास्तरांना डाव्या हाताला, टेकडीवर, चार बुरुज आणि त्यांच्यावर फडकणारे झेंडे दिसत होते. त्यांनी भीत भीत बोट केलं. "मग ते काय आहे?"

"ते होय? ते नंतरचं बांधकाम असेल. सरकारी कचेरी वगैरे."

एवढ्या मोठ्या कचेरीत काय काम चालत असेल याचा विचार करत मास्तर बाईंच्या मागून उजवीकडे वळले. वीस मिनिटं चालल्यावर ते एका ऐसपैस चौकात आले. समोर घड्याळाचा मनोरा होता. बाई थांबल्या. "हा इथे कसा? हा डावीकडे असायला हवा होता."

"हलवला असेल," मास्तर म्हणाले. त्यांना गंमत करायची नव्हती. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "जुन्या गोष्टी कुणी नीट ठेवत नाही. उचलून इकडच्या तिकडे करतात."

सात मजली दगडी मनोरा कुणी कसा उचलला असेल, हे मास्तरांनी विचारलं नाही. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. लिफ्टची मोटर दुरुस्त करून आणली की कधी कधी जोडताना दोन वायरींची अदलाबदल होते. मोटर उत्तम चालते, आवाज नाही, धक्का नाही. फक्त वरचं बटण दाबलं की लिफ्ट खाली जाते. नवीन माणूस अशा वेळी घाबरून सगळी मोटर उघडून बसतो. मास्तर दोन वायरी काढून उलट्या लावत आणि चहा प्यायला जात. बाईंच्या शहरात सगळं होतं. नदी होती, पूल होता, किल्ला होता, मनोरा होता. फक्त उजवं ते डावं झालं होतं.

संध्याकाळी मास्तरांनी हॉटेलच्या बाथरूममध्ये दार लावून, नळ सोडून छापील नकाशा उघडला. त्यांचा अंदाज बरोबर निघाला. साठी उलटलेला माणूस बाथरूममध्ये उभा राहून एकटाच हसत होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बाई पुराव्यानिशी चुकल्या होत्या, आणि लहानसहान नव्हे, अख्खं शहर चुकल्या होत्या. मास्तरांनी आरशात बघून हळूच म्हणून पाहिलं, "अगं, तू चुकलीस." बरं वाटलं. पण हे इथे, परक्या गावात, कुणी बघायला नसताना वाया घालवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर, जेवणाच्या टेबलावर, मुलगी आणि जावई समोर बसलेले असताना, छापील नकाशा उलगडून ठेवून हे वाक्य म्हणायचं. तोपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही.

मग पुढचे दोन दिवस मास्तरांनी जी कामगिरी केली तिला तोड नाही. बाई म्हणाल्या उजवीकडे, की मास्तरांना डावीकडे सावली दिसे. बाई म्हणाल्या डावीकडे, की मास्तरांना तहान लागे आणि पाणी नेमकं उजव्या गल्लीत असे. एकदा तर त्यांनी लघवीचं निमित्त करून बाईंना उलट दिशेने अर्धा मैल नेलं आणि थेट किल्ल्याच्या दरवाज्यात उभं केलं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "आलो की नाही बरोबर?"

"तू आणलंस म्हणजे बरोबरच," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

किल्ल्याच्या दरवाज्याचं तोंड बाईंना पसंत पडलं नाही. त्यांनी तिकीट देणाऱ्या माणसाला खुणांनी सांगितलं की दरवाजा त्या बाजूला पाहिजे. त्याने त्यांना मोठ्या अदबीने स्वच्छतागृह दाखवलं. आत एक गाइड हातात काठीला पिवळं फडकं बांधून वीस-पंचवीस लोकांना काही समजावून सांगत होता. बाई घोळक्याच्या कडेला उभ्या राहिल्या. भाषेचं अक्षरही त्यांना कळत नव्हतं, पण गाइडने हात डावीकडे केला की त्या मान हलवून मराठीत म्हणत, "चुकीचं सांगतोय." दोन-तीनदा असं झाल्यावर घोळक्यातल्या काही लोकांनी त्यांच्याकडे आदराने बघायला सुरुवात केली. जो माणूस इतक्या खात्रीने मान हलवतो त्याला काहीतरी माहीत असणारच, अशी जगात सगळीकडेच समजूत असते. बाईंची सगळी कारकीर्द त्या समजुतीवर उभी होती, आणि मास्तरांचा संसारही.

शेवटच्या संध्याकाळी दोघं बाजारचौकात, मनोऱ्याखालच्या बाकावर बसले होते. पाय दुखत होते. समोर, चौकापलीकडे, टेकडीवर किल्ला दिसत होता. बाई खुशीत होत्या. एकतीस वर्षं तोंडाने सांगितलेली लढाई आता जागेवर बसून सांगायची होती आणि वर्गात एकच विद्यार्थी असला तरी तो जन्मभराचा होता.

"आपण बसलोय ना, इथे शत्रू," बाई म्हणाल्या. "पहाटेची वेळ. समोर किल्ला. सगळे दबा धरून बसलेत. आणि एवढ्यात किल्ल्याच्या मागून सूर्य..."

त्यांनी सूर्य दाखवायला हात वर केला आणि हात तिथेच राहिला. किल्ल्याच्या मागे खरोखरच सूर्य होता. मोठा, तांबडा, बुरुजाला टेकायला आलेला. आणि वेळ संध्याकाळची होती.

मास्तर वाट बघत राहिले. आता बाई म्हणतील की हाही इथल्या लोकांनी हलवला. त्यांनी मान डोलवायची तयारीसुद्धा केली. पण बाई नुसत्या सूर्याकडे बघत राहिल्या आणि तो खाली जात राहिला. अर्धा बुडाल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

मग त्यांनी पर्समधून किल्ल्याचं तिकीट काढलं, पालथं केलं, मांडीवर ठेवून त्यावर बोट फिरवलं. "ट्रेसिंगचा कागद," त्या पुटपुटल्या. "पुस्तकातल्या नकाशावर चौकोन पाडून आधी मोठ्या पातळ कागदावर पेन्सिलीने काढला. मग तक्त्यावर उतरवायला कागद पालथा घातला आणि मागून घासलं. नुसतं घासलं मी, अहो. पालथा घातला की सगळं उलटं उमटतं, हे चौथीतल्या पोराला कळतं. वर नावं मी हाताने सुलटी लिहिली. म्हणून कुणाला कळलं नाही."

ही मास्तरांची वेळ होती. जेवणाचं टेबल नव्हतं, मुलगी-जावई नव्हते, तरी वाक्य तयार होतं. का कोण जाणे, ते तोंडातून बाहेर येईना.

"कुणाला कळलं नाही असं नाही," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर बसायची. घरून ॲटलास घेऊन आली, हा एवढा मोठा. म्हणाली, बाई, किल्ला दुसऱ्या बाजूला आहे. मी तिला विचारलं, वर्गात शिकवतंय कोण, तू की मी? पेपरात तिने लिहिलं की सूर्य किल्ल्यातल्या लोकांच्या डोळ्यांवर आला, तरीही ते जिंकले. मी दोन्ही गुण कापले. प्रगतिपुस्तकावर उद्धट असं लिहिलं. तिचं नाव आठवत नाही मला. अक्षर आठवतं, गोल गोल होतं."

बाईंचा आवाज बारीक झाला होता. मास्तरांनी तो असा कधी ऐकला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि बाथरूममध्ये हसलो याची लाजही वाटली.

बाईंनी मान वळवली. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण बाई मुलांना विचारायच्या तसं विचारत होत्या, उत्तर माहीत असल्यासारखं.

"पहिल्या दिवशी."

"म्हणजे ती सावली, ती तहान, ती लघवी, सगळं खोटं?"

"लघवी खरी होती," मास्तर म्हणाले. "पण ती उजवीकडेही झाली असती."

बाई हसल्या. चौतीस वर्षांत मास्तरांनी त्यांना हसवल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते, त्यामुळे मास्तरही खूश होऊन हसले. हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "अजून कशात चुकले मी?"

"कशात म्हणजे?"

"असंच. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, असं अजून काय काय आहे? सांगा. मी रागावणार नाही. मनापासून म्हणतेय."

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं. परक्या गावात माणसाला उगाच धीर येतो. "हॉलचा हिरवा रंग," ते म्हणाले. "घरात आलं की नंबर लावून बसायला हवं असं वाटतं. दवाखान्यात बसतात तसं."

"बारा वर्षं झाली त्या रंगाला."

"चौदा."

"बरं. अजून?"

"जावई बुद्धिबळात तुझ्याशी मुद्दाम हरतो. त्याच्या ऑफिसात त्याने कप मिळवलाय."

हे बाईंना रंगापेक्षा जास्त लागलं, पण त्यांनी शब्द दिला होता. "अजून?"

मास्तरांना आता मजा येऊ लागली होती. आतापर्यंत गिळलेली एकेक गोष्ट बाहेर काढायची, आणि समोरचा माणूस ती ऐकून घेतोय, हे सुख त्यांना नवीन होतं. त्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आई."

"आईंचं काय?"

"शेवटची दोन वर्षं ती धाकट्याकडे होती ना. तू सगळ्यांना सांगायचीस, त्यांना तिथेच बरं वाटतं, तिथे अंगण आहे, शेजार आहे. तिला तिथे बरं वाटत नव्हतं. मला फोन करायची. म्हणायची, मला तुझ्याकडे घेऊन जा."

चौकातले दिवे लागले. बाकासमोरून एक कुटुंब फोटो काढत गेलं. सासूचं बाईंनी चांगलं केलं असं इमारतीत सगळे म्हणत, त्या स्वतःही म्हणत.

"मग तुम्ही बोलला का नाहीत मला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तूच म्हणाली होतीस ना, की त्यांना तिथेच..." मास्तर म्हणाले, आणि वाक्य पुढे सरकेना.

हे वाक्य त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. धाकट्या भावाने विचारलं होतं, आईला न्यायचं काय करतोस, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं, तुझी वहिनी म्हणते तिला तिथेच बरं आहे. बहिणीने विचारलं तेव्हाही हेच. आणि आईने फोनवर विचारलं तेव्हाही, अगं, ती म्हणते तुला तिथेच बरं आहे. भाऊ चिडला तो वहिनीवर, बहीण बोलायची थांबली ती वहिनीशी. मास्तरांवर कुणी कधी रागावलं नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाला आईचं खोकणं ऐकावं लागलं नाही, तिला धरून उठवावं लागलं नाही, रजा टाकावी लागली नाही. शांत स्वभावाचा माणूस म्हणून नावही झालं.

"तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात ना," बाई म्हणाल्या, "तरी मी त्यांना घेऊन आले असते. भांडले असते तुमच्याशी, पण घेऊन आले असते."

मास्तरांनी खाली मान घातली. या वेळी स्तुती कुणी करत नव्हतं.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर बोललो नाही."